महालक्ष्म्या रेल्वेनं आल्या ते वर्ष

आमच्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू कधी खाली आलेली नाही. बाकीच्या गोष्टींना मी थोडंफार तिखटमीठ लावते, अख्ख्या गल्लीला ते माहीत आहे, पण हे मात्र जसंच्या तसं. आमच्या ह्यांची बाजाची पेटी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत "पाहुणे जाईपर्यंत" म्हणून वर गेली. पाहुणे गेले, त्या पाहुण्यांची नातवंडं आता लग्नाला आली, पेटी वरच. व्यायामाची सायकल वर गेली. एक टेबलफॅन गेला. ऐन मे महिन्यात वरून घरघर ऐकू येते, म्हणजे तो तिथं कुणाला तरी वारा घालत असणार. एकदा टाकीचा पाइप बघायला प्लंबर वर चढला, तो संध्याकाळी तिसऱ्या गल्लीत खाली उतरला आणि त्यानं पुन्हा आमचा फोन उचलला नाही.

तर अशा त्या माळ्याकडं बोट करून आत्याबाई म्हणाल्या, "महालक्ष्म्या बसायच्या आत तुजी समदी रेल्वे वर गेली पायजे."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि रेल्वे म्हणजे माझा जीव.

ही रेल्वे खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची. एकावर एक दाबून बसवायचे असतात, ते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याच्या लहानपणीचे ठोकळे पत्र्याच्या डब्यात मागं राहिले. कुणाला तरी देऊन टाकावेत म्हणून मी डबा काढला. देण्याआधी सगळे नीट जुळतात का बघावं, म्हणून जमिनीवर बसले. वरणाचा कुकर शिट्ट्या मारमारून थकला आणि शेवटी नुसते उसासे टाकायला लागला. संध्याकाळी हे कामावरून आले. वाळूजच्या एका कारखान्यात हे माल तपासतात, पास की नापास ते ठरवतात. त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

"एक इंजिन आणि दोन डबे," मी म्हटलं.

त्यांनी इंजिन हातात घेतलं, सवयीनं उलटंपालटं केलं, डोळ्यापाशी नेलं. "डावं चाक घासतंय," म्हणाले आणि स्वतःच कांदा चिरायला आत गेले. असा नवरा मिळायला पुण्य लागतं. शेजारणी म्हणतात, पुण्य तुझं, भोग त्यांचे, असो.

पुढं त्यात मोटार आली. मोटारीमागं बॅटरीची डबी, डबीमागं रिमोट, रिमोटमागं सरळ रूळ, वळणाचे रूळ, सांधे बदलायचे रूळ. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी एकदा त्या अंगठ्याएवढ्या मोटारीवर आठ डबे ओढून दाखवावेत. मोटारीचा दम चाकापर्यंत पोचवायला मधे दातेरी चाकं बसवावी लागतात. छोट्या चाकानं मोठं फिरवलं तर गाडी चालते हळू पण ओढते बैलासारखी. मोठ्यानं छोटं फिरवलं तर पळते, आणि पहिल्याच वळणावर सोफ्याखाली जाऊन पडते. हे मला कुणी शिकवलं नाही. मी सोफा सरकवून सरकवून शिकले.

बघता बघता ठोकळे एवढे झाले की त्यातून दुसरा मकबरा बांधला असता आणि वर कंपाउंडच्या भिंतीला उरले असते. त्यांच्यासाठी मी गुलमंडीवरून काचेच्या उंच बरण्या आणल्या. लाल एका बरणीत, पिवळे दुसरीत, छोटी दातेरी चाकं तिसरीत, अशी सगळी फळी हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या शेजारी. एका पाहुण्यांनी गप्पांच्या नादात लाल बरणीत हात घातला आणि गोळी समजून ठोकळा तोंडात टाकला. माणूस भिडस्त. गिळला. ते अजून आमच्याकडं येतात, ठोकळा मात्र मला परत मिळालेला नाही.

आत्याबाईंचा माझ्या रेल्वेवर राग नव्हता. त्यांचा राग होता तो जमिनीवर सुटलेल्या एका ठोकळ्यावर, आणि तोसुद्धा त्यावर त्यांचा अनवाणी पाय पडल्यापासून. ज्यांचा पाय पडलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आत्याबाई सकाळी तुळशीला पाणी घालायला निघाल्या होत्या. त्यांनी जी आरोळी ठोकली ती, मला वाटतं, दौलताबादच्या किल्ल्यावरून परत आली. भिंतीपलीकडून आपांनी हाक दिली. आपा म्हणजे आमच्या शेजारी, ब्लाउज शिवतात, मूळच्या खुलताबादच्या, आणि आमच्या घरात काहीही पडलं की पहिल्यांदा त्यांना ऐकू जातं.

"अम्मा! क्या हुआ? साँप निकला क्या?"

"साप बरा गं माय! साप एकदाच चावतो!"

त्यात आत्याबाईंचे गुडघे आधीच गेलेले. पायऱ्या उतरायच्या तर कठड्याला धरून, आणि प्रत्येक पायरीला वेगळी शिवी. ठोकळ्याचा आणि गुडघ्याचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, पण डॉक्टरांचा पाय कुठं पडला होता? निकाल लागला. महालक्ष्म्यांआधी कोपरा रिकामा, रेल्वे माळ्यावर.

मी पुढचे काही दिवस घरात अशी वावरत होते की जणू माझीच तिरडी बांधायला घेतलीय. पोळ्या लाटता लाटता थांबायचे. हे म्हणाले, "वर पेटी आहे, सोबत होईल." मी त्यांना लाटणं दाखवलं.

आता महालक्ष्म्यांचं सांगते. पुण्या-मुंबईकडं गौरी म्हणतात, आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या, आणि आमच्याकडं त्यांचा थाट मोठा. मखर, आरास, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, आंबील, सोळा भाज्या. पण सगळ्यात महत्त्वाचं त्यांचं घरात येणं. अंगणातल्या तुळशीपासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची. घरातली मोठी बाई सुपात दोन पितळी मुखवटे घेऊन त्या पावलांवरून चालते. पुढं एकजण ताट वाजवत विचारते, महालक्ष्मी आली का? आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. मग तिला घर दाखवायचं. धान्याच्या डब्यांपाशी थांबायचं. इथं काय आहे? इथं धनधान्य आहे. कपाटापाशी थांबायचं. इथं काय आहे? इथं सोनंनाणं आहे. जिथं लक्ष्मी थांबली ती जागा वर्षभर भरलेली राहते, म्हणून तिला दाखवायच्या जागा ठरलेल्या. भलतीकडं थांबायचं नाही. न्हाणीपाशी थांबली आणि आत रिकामी बादली असली तर काय घ्या?

हे सूप आत्याबाईंनी सून म्हणून या घरात आल्यानंतर थोड्याच वर्षांत हातात घेतलं, ते कधी सोडलं नाही. त्या वर्षी मात्र हातात सूप आणि कठडा दोन्ही धरायला त्यांना तिसरा हात लागला असता. सणाच्या आधी थोरल्या जाऊबाई आल्या. आम्ही तिघी वाती वळत बसलो, आणि विषय निघालाच.

"आत्याबाई, आता तुम्ही बसून बघा की," जाऊबाई म्हणाल्या. "सूप काय, कुणीही घेईल. हिनं घेतलं तरी चालेल."

"छे छे, ताई, तुम्ही थोरल्या. तुम्हीच घ्या."

"अगं, घर तुझं. तुझा मान."

"मान मोठ्यांचा, ताई."

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, काय हा जावाजावांचा जिव्हाळा. आत्याबाईंना वाटलं नाही. त्यांनी वातीचा कापूस खाली ठेवला.

"म्या मेले का अजून? मेल्यावर वाटून घ्या."

आणि त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ दिसत होती, आणि ती पाठ मी कधी एवढी छोटी बघितली नव्हती. मला काय सुचलं कोण जाणे. म्हणजे काय सुचलं ते चांगलंच माहीत आहे. माझ्या डोक्यात दुसरं असतंच काय?

"आत्याबाई," मी म्हटलं, "लक्ष्मी रेल्वेनं आली तर?"

जाऊबाईंच्या हातातली वात तुटली.

"सुपाऐवजी गाडी. तुळशीपासून मखरापर्यंत रूळ टाकते. मुखवटे गाडीवर. रिमोट तुमच्या हातात. तुम्ही खुर्चीत बसून आणायचं तिला. आणणार तुम्हीच."

"देवाची चेष्टा करतीस व्हय?" आत्याबाई म्हणाल्या, पण भिंतीकडून अर्ध्या वळून. मग स्वतःशीच हसल्या.

"म्या बी रेल्वेनंच आले व्हते या घरात. परभणीहून, छोट्या लायनीच्या गाडीनं. खिडकीत बसले, डोळ्यात कोळसा गेला. सासरची मंडळी म्हनली, पोरगी लई रडती. अगं, कोळसा गेलाय! पन नव्या नवरीनं बोलायचं नसतं." त्यांनी डोळा चोळला, जणू तो कोळसा अजून तिथंच आहे. "नवरीला रेल्वे चालती, तर लक्ष्मीला का चालंना?"

"अहो पण आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या, "मधेच बंद पडली तर? केवढा अपशकुन!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं, मग वर केलं. "नीट आली तर ऱ्हाऊ दे कोपऱ्यात, थांबली तर तितनंच थेट माळ्यावर. गाडी, बरन्या, समदं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. माझा जीव वाचवायला दुसरा मार्ग काय होता?

कबूल करणं सोपं. मुखवटे उचलल्यावर कळलं. पितळेचे, जुने, भरीव नाकाचे. एका मुखवट्यात आजकालची अख्खी महालक्ष्मी निघेल, साडीसकट. माझ्या गाडीनं तोपर्यंत प्लास्टिकच्या माणसांपेक्षा जड काही वाहिलं नव्हतं. मी नवं इंजिन बांधायला घेतलं. दोन मोटारी, खाली छोटी-मोठी दातेरी चाकं, वजन सगळं चालत्या चाकांवर येईल अशी बैठक. मुखवट्यांसाठी दोन रुंद सपाट डबे, त्यावर कडेनं कठडा, आत मखमल. मुखवट्यांऐवजी पहिल्यांदा खलबत्त्यातला बत्ता ठेवून बघितला. चाकं गरगर फिरली, गाडी जागची हलेना.

आपा दारात उभ्या राहून बघत होत्या. "घसर री ना? थांबा," म्हणाल्या आणि घरी जाऊन शिवणयंत्राच्या बॉबिन भरायच्या चाकाची जुनी रबरं घेऊन आल्या, मूठभर. "ये चढाव. मेरी मशीन का भी येच मसला था."

रबरं चाकांवर अशी बसली की जणू कारखान्यात मापं घेऊन केली होती. बत्ता हलला. बत्त्यानंतर नारळ, नारळानंतर बत्ता आणि नारळ, मग साखरेचा डबा. उंबऱ्यावरून गाडी चढवायला ठोकळ्यांचा चढ बांधला. पहिला एवढा उभा झाला की वेरूळचा घाट सपाट वाटावा. गाडी अर्ध्यात जाऊन माघारी घरंगळली आणि साखर अंगणात. मग चढ लांबवत लांबवत तुळशीपर्यंत नेला. मोटारी ओझ्यानं तापायला लागल्या, तेव्हा हवा लागावी म्हणून मी इंजिनाचं वरचं झाकण काढून ठेवलं. आतली दातेरी चाकं उघडी फिरायची, फार सुंदर दिसायची. ह्या झाकणाची आठवण ठेवा.

उरला ड्रायव्हर. मला वाटलं होतं, आत्याबाईंना रिमोट शिकवायला सण उलटून जाईल. रिमोटला एकच गोल बटण: उजवीकडं फिरवलं की गाडी पुढं, डावीकडं फिरवलं की मागं, मधे आणलं की उभी. आत्याबाईंनी ते एकदा समजून घेतलं आणि मला म्हणाल्या, "सरक." त्या दिवसापासून दुपारची झोप बंद. बत्त्याला घेऊन त्या हॉलमधून असल्या सुटायच्या की ह्यांच्या चपला, पेपर, एकदा तर टिपॉयचा पाय, जे आडवं येईल ते उडालं. तोंडानं शिट्टी. गुडघ्यांचं कोमट तेल वाटीतच निवून जायचं, चोळायला सवड कुणाला?

"आत्याबाई, हळू. लक्ष्मी आहे, मालगाडी नाही."

"तू गप. माज्या गाडीत कोळसा नाय जायचा कुनाच्या डोळ्यात."

सणाच्या दिवशी दुपारी मुहूर्त. बातमी सगळ्या सिडकोत पसरली असावी, कारण ज्यांच्या घरी स्वतःच्या महालक्ष्म्या येणार होत्या त्यासुद्धा आमच्या अंगणात. जाऊबाईंना ताट वाजवायचा मान दिला होता. त्यांनी पळी अशी धरली होती की कुणाला तरी मारायची आहे. तुळशीपासून मखरापर्यंत रूळ, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंनी कुंकवाची पावलं. स्वयंपाकघराच्या दारात धान्याचे डबे, पहिलं स्टेशन. मधल्या खोलीच्या दारात कपाट, दुसरं. तिथून वळण घेऊन हॉलचा कोपरा आणि पुढं मखर. कोपऱ्यातल्या बरण्यांवर आत्याबाईंनी पांढरी चादर टाकायला लावली होती. निकाल लागायचा होता ना.

मुखवटे डब्यांवर बसले. मखमलीवर, नथ घालून, समोर बघत. आत्याबाई चाकांच्या खुर्चीत. ती खुर्ची म्हणजे ह्यांच्या अभ्यासाच्या टेबलाची, मागून ढकलायला हेच. इंजिनाची पूजा करायची म्हणून मी ताम्हण घेतलं. हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मोटारीच्या दमाचा, चढाच्या कोनाचा, वळणावरच्या झोकाचा हिशोब केलेली मी बाई. पण समोर हळदी-कुंकू आलं की हात आपोआप अक्षतांकडं जातो, आणि बोटं आपोआप सुटतात. माझ्या मागून जाऊबाईंनी वाहिल्या. त्यांच्या मागून सगळ्या गल्लीनं. तांदूळ इंजिनावर असे पडले की कोपरगावला जाणारी धान्याची गाडी वाटावी.

ताट वाजलं. "महालक्ष्मी आली का?"

"आली!"

"कशाच्या पावलांनी आली?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि बंद केलं. समोर देवी, आणि तिच्याखाली पावलं नव्हती, चाकं होती. खोटं कसं बोलणार?

"रेल्वेनं आली!"

बायकांत जी खसखस पिकली ती थांबेपर्यंत गाडी चढाला लागली होती. गाडी चढली! रबरं धरली, मोटारी कण्हल्या, ज्येष्ठेनं मान हलवली, कनिष्ठेनं हलवली, आणि दोघी उंबरा ओलांडून आत. आत्याबाईंना आनंदानं शिट्टी आवरेना. धान्याच्या डब्यांपाशी त्यांनी गाडी अशी उभी केली की रेल्वेतल्या मोठमोठ्या ड्रायव्हरांनी येऊन बघावी.

"इथं काय आहे?"

"इथं धनधान्य हाय!"

कपाटापाशी उभी केली. "इथं काय आहे?"

"इथं सोनंनानं हाय!"

मग वळण. वळण घेतलं. आणि कोपऱ्यापाशी, मखर हाताच्या अंतरावर असताना, इंजिनातून एक बारीकसा 'कट्' असा आवाज आला, आणि गाडी उभी राहिली.

मोटारी हूंऽऽ करत होत्या. चाक हलत नव्हतं. आत्याबाईंनी बटण शेवटापर्यंत फिरवलं. हूंऽऽ. ताट थांबलं. अट अख्ख्या अंगणाला माहीत होती, त्यामुळं सगळ्यांनी एकदम वर माळ्याकडं बघितलं. मला तर माळ्याचं दार आपोआप किलकिलं झाल्यासारखं वाटलं, आणि आतून टेबलफॅनची घरघर.

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग चादरीकडं. मग, सवयीनं का मुद्दाम ते त्यांचं त्यांना ठाऊक, पळी ताटावर आपटली आणि खणखणीत आवाजात विचारलं:

"इथं काय आहे?"

एकदा विचारलं म्हणजे उत्तर द्यावंच लागतं. आणि लक्ष्मी समोर उभी असताना इथं अडगळ आहे, इथं भंगार आहे, इथं माळ्यावर टाकायचा माल आहे, असं कोणती बाई म्हणेल? वर्षभर तेच वाढत राहील! आत्याबाई चादरीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली.

"काढा गं ती चादर."

आपांनी चादर ओढली. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या बरण्या, ओळीनं, दुपारच्या उन्हात नुसत्या पेटल्या. "अगंबाई!" कुणीतरी म्हणालं.

"इथं," आत्याबाई म्हणाल्या, "माज्या सुनेचं धन हाय. काठोकाठ भरलंय. बगा."

मी पदर तोंडात कोंबला. हसू येत होतं की रडू, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

"चल गं माय," म्हणत आत्याबाईंनी बटण फिरवलं. जोरात, आणि उलटीकडं. आत काहीतरी कुरकुरलं, सुटलं, आणि गाडी निघाली. मागं!

लक्ष्मी घराबाहेर चालली! बायकांनी जी किंकाळी फोडली त्यापुढं आत्याबाईंची ठोकळ्यावरची आरोळी म्हणजे कुजबुज. डबे पुढं, इंजिन मागं, दोघी नथ हलवत कपाटाकडून दाराकडं भरधाव. हे खुर्ची ढकलत मागं पळाले. जाऊबाई ताट घेऊन आडव्या झाल्या तर गाडी त्यांच्या साडीखालून निघून गेली.

"दरवाज़ा बंद करो!" आपा ओरडल्या, आणि स्वतःच धावत जाऊन उंबऱ्यावर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "अम्मा, घुमाव! दुसरी तरफ घुमाव! मैं इनको जाने नै देती!"

"लेका, ढकल की!" आत्याबाई ह्यांच्यावर ओरडल्या, आणि बटण मधे आणून, श्वास घेऊन, उजवीकडं फिरवलं. गाडी आपांच्या पायाशी येऊन थांबली, क्षणभर विचार केल्यासारखी, आणि पुढं निघाली. कपाट मागं पडलं, वळण मागं पडलं, कोपरा मागं पडला, आणि आत्याबाईंच्या शिट्टीसकट महालक्ष्म्या मखरात अशा घुसल्या की फुलोऱ्यातल्या दोन करंज्या आरतीच्या ताटात पडल्या.

"सोन्याच्या पावलांनी आली!" आत्याबाई म्हणाल्या. आता कोण नाही म्हणणार?

आरती झाल्यावर आम्ही इंजिन उघडलं. दातेरी चाकांच्या मधून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा निघाला, अर्धा तुटलेला. ह्यांनी खिशातलं भिंग काढून तो उजेडात धरला.

"बासमती नाही," म्हणाले. "कोलम. नापास."

बरण्या कोपऱ्यातच राहिल्या. लक्ष्मी जिथं थांबली ती जागा कुणी हलवत नाही. जाऊबाईंनी घरी जाताना एक पिवळा ठोकळा प्रसाद म्हणून मागून नेला. गल्लीत काही बायका अजून म्हणतात की हे सगळं माझंच कारस्थान. मी म्हणते, रिमोट आत्याबाईंच्या हातात होता, अक्षता सगळ्या गल्लीच्या हातात होत्या, प्रश्न जाऊबाईंनी विचारला. झाकण मी काढून ठेवलं होतं, हे खरं. पण ते हवेसाठी.

तेव्हापासून आमच्याकडं दरवर्षी महालक्ष्म्या रेल्वेनं येतात, आणि धान्य, कपाट, ठोकळे अशी तीन स्टेशनं घेतात. ठोकळ्यांच्या स्टेशनावर तर आत्याबाई गाडी जास्त वेळ थांबवतात, बायकांना दर्शन घेऊ देतात. आपा उंबऱ्यावर उभ्या असतातच. आता तो त्यांचा मान झालाय.

पुढच्या वर्षी एक गोष्ट मात्र झाली. सणाच्या दिवशी सकाळी हे शिडी लावून माळ्यावर गेले, बऱ्याच वेळानं धूळ माखून खाली आले, आणि कपाट आणि कोपरा यांच्या मधे, अगदी रुळाला चिकटून, त्यांनी बाजाची पेटी आणून ठेवली. पुसली. भात्यावर फूल ठेवलं. आणि निष्पाप चेहऱ्यानं खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

ताट वाजलं. गाडी उंबरा चढली. धान्य झालं. कपाट झालं. पेटी जवळ आली तशी ह्यांनी खुर्ची हळू केली, अगदी हळू. आत्याबाईंनी मान न वळवता अंगठ्यानं बटण शेवटापर्यंत नेलं. गाडी पेटीसमोरून अशी गेली की भात्यावरचं फूल उडून ह्यांच्या पायाशी पडलं.

"आई, अगं, जरा..."

"तितं टेसन नाय," आत्याबाई म्हणाल्या आणि शिट्टी मारली.

पेटी संध्याकाळी परत वर गेली. ती खाली आली असं मी धरत नाही. जरा हवा खायला आली होती.